टर्बोची गाडी आणि पहिले १८ मीटर

पाव मैलाची ड्रॅग रेस म्हणजे ४०२ मीटरची सरळ धाव. पण फेरी संपल्यावर हातात पडणाऱ्या टाइम स्लिपवर जाणकाराची नजर आधी जाते ती पहिल्या ६० फुटांच्या, म्हणजे सुमारे १८.३ मीटरच्या वेळेकडे. तिथे वाचलेला एक दशांश सेकंद शेवटच्या रेषेपर्यंत दीड-दोन दशांश होतो, असा ठोकताळा आहे. चांगली सुटलेली गाडी ६० फुटांची खूण नुसती लवकर गाठत नाही, ती तिथे जास्त वेगातही असते आणि तो वेग पुढे कामाला येतो. शेवटच्या रेषेवरचा वेग इंजिनाच्या ताकदीबद्दल सांगतो. दोन फेऱ्यांत तो सारखाच आणि वेळ मात्र वेगळी असेल, तर दोष बहुधा सुरुवातीचा.

गंमत अशी की या १८ मीटरांना ताकद फारशी लागतच नाही. १,५०० किलोची गाडी १ जी त्वरणाने, म्हणजे वरून सोडलेली वस्तू ज्या गतीने वेग घेते तशी, पळवायची म्हटली तरी ताशी १८ किमीला सुमारे १०० आणि ताशी ३६ किमीला सुमारे २०० अश्वशक्ती पुरते. अडतं ते टायरपाशी.

कोरड्या डांबरावर रस्त्याच्या टायरचा घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, १ धरू. चारही चाकांना ताकद असेल तर १ जी त्वरण शक्य आहे आणि ६० फूट सुमारे १.९ सेकंदांत होतात. पण गाडी सुटताना वजन मागे सरकतं. पुढची चाकं ओढणारी गाडी घ्या. उभी असताना ६० टक्के वजन पुढे आणि गुरुत्वमध्याची उंची दोन ॲक्सलमधल्या अंतराच्या पाचव्या हिश्शाइतकी असेल, तर तिला अर्ध्या जीच्या वर जाताच येत नाही. ६० फुटांना २.७ सेकंद. निम्मं वजन मागे असलेली, मागची चाकं ढकलणारी गाडी ०.६ जीच्या किंचित वर जाते, वेळ २.४ सेकंद. (प्रत्यक्षातले आकडे थोडे बरे दिसतात, कारण घड्याळ सुरू होण्याआधी गाडी साधारण फूटभर पुढे सरकलेली असते.) थोडक्यात, पुढच्या चाकांची गाडी ताशी ३६ किमीला जेमतेम १०० अश्वशक्ती जमिनीपर्यंत पोचवते. बॉनेटखाली ३०० असोत की ५००, तेवढ्या क्षणापुरती बाकीची शोभेची.

मग टर्बोचा प्रश्न येतो कुठे? स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये पेटंट घेतलं तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे: एक्झॉस्टच्या गरम वायूवर टर्बाइन फिरवायची आणि तिच्याच दांड्यावरच्या कॉम्प्रेसरने इंजिनात जास्त हवा कोंबायची. टर्बाइन मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, पण तिथवर चढायला वेळ लागतो. त्यातून आकार आणि धातू तोच ठेवून चाकाचा व्यास वाढवला तर जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतं. व्यास २० टक्के मोठा, तर जडत्व जवळपास अडीचपट. मोठा टर्बो बसवल्यावर शेवटचा वेग वाढतो आणि ६० फुटांची वेळ बिघडते, ती बरीचशी यामुळे.

उभ्या गाडीत न्यूट्रलवर रेस केली की बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) येईल, असं अनेकांना वाटतं. येत नाही. भार नसला की ४,००० आरपीएम टिकवायला थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) किंचितच उघडावा लागतो. हवा थोडी, इंधन थोडं, म्हणून टर्बाइनला मिळणारी ऊर्जाही थोडी. इंजिनावर भार हवा. ऑटोमॅटिक गाडीत डावा पाय ब्रेकवर ठेवून ॲक्सिलरेटर दाबला की टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा भाग) तो भार देतो. मात्र ती सगळी ताकद कन्व्हर्टरमधल्या तेलाची उष्णता होते, त्यामुळे दोन-तीन सेकंदांत सुटायला हवं. शिवाय अनेक नव्या गाड्यांचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) दोन्ही पेडल एकत्र दाबली की थ्रॉटल मिटवतो. तिथे कंपनीने दिलेला लाँच कंट्रोल (उभ्यावरून जोरात सुटण्याची खास सोय) असेल तरच जमतं.

मॅन्युअल गाडीत टू-स्टेप नावाची युक्ती चालते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, हवा भरपूर, पण ठरलेल्या आरपीएमवर ईसीयू काही स्पार्क गाळतो किंवा बराच उशिरा देतो. उशिरा जळणारं मिश्रण पिस्टनला कमी ढकलतं आणि उरलेली उष्णता एक्झॉस्टमधून टर्बाइनवर आदळते. उभ्या गाडीत बूस्ट तयार! ते फटाके ऐकायला झकास वाटतात, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, मॅनिफोल्ड, टर्बाइनची पाती आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सगळ्यांचं आयुष्य त्यात खर्च होतं.

आणि इतकं करून मिळालेला बूस्ट हवाच असतो असं नाही. चारही चाकांना ताकद असलेल्या गाडीला तो सुटतानाच लागतो, नाहीतर पकड असून इंजिन गळपटतं. दोनच चाकांना ताकद असलेल्या गाडीत उलट घडतं: गाडी सुटते ठीक, पण पहिल्या गिअरच्या मध्यावर बूस्ट एकदम येतो आणि चाकं मोकळी सुटतात. टायरची ओढ सर्वाधिक असते ती चाक जमिनीपेक्षा साधारण १० ते २० टक्के जोरात फिरत असताना. त्यापुढे घसरण वाढली की पकड कमी होते, पकड कमी झाली की घसरण आणखी वाढते, आणि मग ॲक्सिलरेटर सोडण्यावाचून इलाज नसतो. म्हणून वेस्टगेटच्या (टर्बाइन टाळून वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) नियंत्रणातून पहिल्या गिअरचा बूस्ट कमी ठेवणं हा माझ्या मते सगळ्यांत कमी लेखलेला उपाय आहे. ताकद कमी करून गाडी जलद होते, हे पचायला मात्र जड जातं.

टायर बदलण्याआधी टर्बो बदलणाऱ्यांचं मला नवल वाटतं. मऊ रबराचे ड्रॅग रेडियल, तेही कमी हवेवर, घर्षणांकच वाढवतात. वरचं सगळं गणित त्यासोबत वर सरकतं. नक्षीचे साधे टायर असतील तर सुटण्याच्या रेषेआधी टायर भिजवून तापवण्यासाठी असलेल्या पाण्याच्या जागेला वळसा घालून जावं. खाचांत अडकलेलं पाणी थेट सुटण्याच्या रेषेवर ठिबकतं.

पकड वाढली की क्लचची पाळी येते. इंजिन एकाच आरपीएमवर धरून क्लच घसरवत गाडी ताशी ३६ किमीपर्यंत नेली, तर गाडीला मिळते तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये जळते: १,५०० किलोसाठी सुमारे ७५ किलोज्यूल. एक किलो पोलाद तेवढ्याने १५० अंशांनी तापेल. क्लच झटक्यात सोडला तर ही उष्णता वाचते, पण फिरत्या फ्लायव्हीलचा सगळा धक्का ड्राइव्ह शाफ्टवर जातो, आणि चाकं उड्या मारू लागली की तो तुटायला वेळ लागत नाही. लागोपाठच्या फेऱ्यांत इंटरकूलरही (टर्बोतून येणारी हवा गार करणारा भाग) तापतो, आत जाणारी हवा गरम होते आणि नॉकिंग (मिश्रण आपोआप अवेळी पेटणं) टाळायला ईसीयू स्पार्क उशिरा देतो. तेव्हा सेटिंग बदलून पाहायची असेल तर आधी बॉनेट उघडून गाडी थंड होऊ द्यावी, नाहीतर स्लिपवरचा फरक सेटिंगचा की उष्णतेचा, ते कळणार नाही.