कॉस्मेटिक आयरिस इम्प्लांट

डोळ्यांचा रंग कायमचा बदलण्यासाठी निरोगी डोळ्यात, मूळ आयरिसच्या (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या) पुढे बसवायची रंगीत सिलिकॉनची पातळ चकती. जन्मतः किंवा अपघातामुळे ज्यांना आयरिस नाही त्यांना बसवतात ती कृत्रिम आयरिस वेगळी, पण जाहिरातीत दोन्ही एकाच नावाने येतात आणि माणसं फसतात.

उगम नक्की कुठून धरायचा यावर एकमत नाही. काही जण ब्रिटिश सर्जन पीटर चॉइस यांच्या रंगीत लेन्सपासून धरतात, म्हणजे साधारण १९५०-६० च्या दशकांपासून, तर काहींच्या मते १९९० च्या दशकात जर्मनीतल्या मोर्शर कंपनीची काळ्या कडेची लेन्स आली तीच खरी सुरुवात. वैद्यकीय कृत्रिम आयरिसपुरतं दुसरं मत जास्त पटतं. कॉस्मेटिक प्रकार मात्र बसवण्याच्या जागेमुळे पहिल्याच्या जवळ जातो, कारण चॉइस यांची लेन्सही डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातलीच, म्हणजे कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) आणि आयरिस यांच्यामधल्या जागेतली होती, आणि त्याच काळात या कप्प्यात बसवलेल्या बऱ्याच लेन्स कॉर्निया खराब झाल्याने काढाव्या लागल्या होत्या. म्हणजे जागा धोक्याची आहे हे डॉक्टरांना कॉस्मेटिक चकती यायच्या कितीतरी आधी माहीत होतं.

हा कप्पा मधोमध जेमतेम ३ मिमी खोल आणि कडेला तर अजूनच अरुंद. चकती तिथे आयरिसला घासते, रंगद्रव्य सुटतं, सूज येते, डोळ्यातलं पाणी ज्या जाळीतून बाहेर जातं ती तुंबते आणि प्रेशर वाढून काचबिंदू होतो. कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशी एकदा गेल्या की माणसात परत तयार होत नाहीत, त्यामुळे चकती काढली तरी नुकसान भरून येईलच असं नाही, कधी कॉर्निया बदलावा लागतो. पनामात सुरू झालेल्या न्यूकलरआयरिस आणि पुढे आलेल्या ब्राइटऑक्युलर या ब्रँडच्या चकत्या बसवल्यानंतरही असेच रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेलेत, २०१२ च्या एका लेखात तर ७ जणांचे १४ डोळे.

अमेरिकेत एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) ३० मे २०१८ ला ह्यूमनऑप्टिक्स कंपनीच्या कस्टमफ्लेक्स या कृत्रिम आयरिसला मान्यता दिली, ३८९ रुग्णांच्या अभ्यासावरून, आणि तीही आयरिस नसलेल्या किंवा खराब झालेल्या डोळ्यांसाठीच. नुसत्या रंगासाठी कुठल्याच आयरिस इम्प्लांटला तिथे मान्यता नाही, तरी लोक परदेशात जाऊन करून घेतात. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी या नेत्रतज्ज्ञांच्या संस्थेने डोळ्यांचा रंग बदलायच्या सर्जरीबद्दल सावध केलं, त्यात कॉर्नियात रंग भरण्याचाही उल्लेख होता. युरोपात वैद्यकीय उपकरणांच्या २०१७/७४५ या नियमावलीच्या सोळाव्या परिशिष्टात, वैद्यकीय हेतू नसला तरी डोळ्यात बसवायच्या वस्तू घेतल्या आहेत, ही तरतूद खरंच कामाची आहे.

भारतात डोळ्यात बसवायच्या लेन्स २००५ पासून नियमनाखाली आहेत आणि १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली. त्या व्याख्येत शरीररचनेत बदल करणारी उपकरणंही असल्याने हे इम्प्लांटही त्यात धरायला हवं.