मान्य प्रेषक यादी

मान्य प्रेषक यादी : नको असलेले ईमेल रोखताना कोणाचे ईमेल हमखास स्वीकारायचे, हे आधीच ठरवून नोंदवलेल्या पत्त्यांची आणि डोमेनांची (पत्त्यातील @ नंतरच्या भागांची) यादी. रोजच्या बोलण्यात तिला ‘व्हाइटलिस्ट’ म्हणतात. नकोशा प्रेषकांची काळी यादी कधीच पुरी होत नाही, कारण स्पॅम, म्हणजे न मागितलेले घाऊक ईमेल, पाठवणारा रोज नवा पत्ता घेऊन येतो. ओळखीच्यांची यादी मात्र आवाक्यात राहते.

स्पॅमचे पहिले ज्ञात उदाहरण ३ मे १९७८ चे आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीचे गॅरी थुर्क यांनी नव्या संगणकांची जाहिरात आर्पानेटवरील (इंटरनेटच्या पूर्वरूपावरील) सुमारे ४०० जणांना एकाच वेळी पाठवली होती. पुढे १९८२ मध्ये ठरलेल्या, ईमेल पाठवण्याच्या एसएमटीपी या नियमसंचात प्रेषकाने सांगितलेला पत्ता पडताळण्याची सोयच नव्हती, आणि मान्य यादीचा मुख्य दुबळेपणा तिथूनच येतो.

यादी सक्त ठेवली, तर तिच्याबाहेरचा प्रत्येक ईमेल अडवला जातो. सौम्य ठेवली, तर यादीतल्यांना स्पॅमच्या गाळणीतून सूट मिळते आणि बाकीचे नेहमीप्रमाणे गाळले जातात. रावेर-सावद्याचा केळीचा व्यापार किंवा जळगावच्या डाळ मिलांचा व्यवहार बराचसा ओळखीवर चालतो, त्यामुळे खानदेशातील व्यापाऱ्याला सक्त यादी सोयीची वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आखाती देशातला एखादा खरेदीदार पहिल्यांदाच दर विचारतो, तेव्हा त्याचा पत्ता यादीत असणे शक्यच नसते; आणि घड कापणीला आलेले असताना ती विचारणा दोन दिवस पडून राहिली, तर सौदा हातचा जातो. म्हणून व्यापारी पेढीला सौम्य यादीच योग्य ठरते. सक्त यादी लहान मुलांच्या खात्याला, किंवा फक्त बँकेचे संदेश घेण्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या खात्याला शोभते.

यादीत संपूर्ण पत्ता लिहावा, केवळ दिसणारे नाव नव्हे. नेहमीच्या अडत्याचे नाव लावून ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढची रक्कम नव्या खात्यात भरा’ असा ईमेल कोणीही पाठवू शकतो; त्याच्या पत्त्यात इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ लागून लिहिलेले असले, तर घाईत ते डोळ्यांना कळतही नाही. जीमेलसारख्या सार्वजनिक सेवेचे संपूर्ण डोमेन मान्य करणे ही त्याहून मोठी चूक आहे, कारण तिथे कोणालाही फुकट पत्ता मिळतो. हुबेहूब खरा पत्ता खोटेपणाने लावलेला असेल, तर मात्र यादी एकटी काहीच करू शकत नाही. त्यासाठी डोमेनच्या वतीने ईमेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात हे जाहीर करणारी एसपीएफ, संदेशावर डिजिटल सही करणारी डीकेआयएम आणि या दोन्हींच्या निकालांची दर्शनी पत्त्याशी सांगड घालणारी डीमार्क या व्यवस्था आल्या. दिवसाला ५,००० हून अधिक ईमेल जीमेल खात्यांना पाठवणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून या तिन्ही सक्तीच्या केल्या. मान्य यादीतली सूटही या तपासणीनंतरच द्यावी.

जुन्या नोंदी वेळोवेळी काढाव्या लागतात. बंद पडलेल्या पेढीचे डोमेन नूतनीकरणाअभावी सुटले, तर ते दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो, आणि त्याने पाठवलेला ईमेल एसपीएफ व डीकेआयएमच्या तपासणीतही खरा ठरून थेट इनबॉक्समध्ये पोहोचतो.