‘तुमच्या लक्षात कसं आलं नाही?’

घरातल्या माणसाने आत्महत्या केली की भेटायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. आणि कुणी विचारला नाही, तरी घरचे तो स्वतःला दिवसरात्र विचारत असतात. अर्धवट राहिलेलं ताट, न उचललेला फोन, रविवारी अचानक आवरलेलं कपाट. एकेक गोष्ट आठवते आणि आता तीच खूण वाटू लागते.

स्मृती इथे फसवते. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ साली एक प्रयोग केला. इंग्रज आणि गुरखे यांच्या लढाईचं वर्णन त्यांनी वेगवेगळ्या गटांना वाचायला दिलं. एका गटाला शेवट सांगितलाच नाही, बाकीच्या गटांना निरनिराळे शेवट खरे म्हणून सांगितले. ज्याला जो शेवट सांगितला, त्याला तोच आधीपासून संभवनीय वाटला. ‘शेवट माहीत नाही असं समजून उत्तर द्या,’ असं सांगूनही जमेना. एकदा शेवट कळला की तो माहीत नसतानाची मनःस्थिती परत उभी करता येत नाही. कपाट आवरताना पाहिलं त्या रविवारी ते फक्त कपाट आवरणं होतं. घरच्यांनी हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं, कारण अपराधीपणाचं बरंचसं ओझं या चुकीच्या हिशेबातून येतं.

दुसरी चूक एकच कारण शोधण्याची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात. तक्त्यात कौटुंबिक कलह, आजारपण, कर्ज अशी वर्गवारी असते आणि घरचे त्या एका शब्दाला निकाल समजतात. प्रत्यक्षात नैराश्य, दारू, जुनी दुखणी, पैशाची ओढाताण, त्या दिवशीचं भांडण, हाताशी असलेलं साधन असं बरंच काही एकत्र येतं. आत्महत्येच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्या एडविन श्नाइडमन यांनी मनाच्या असह्य वेदनेवर भर दिला. त्या वेदनेत विचार इतका अरुंद होतो की दुसरी वाट दिसतच नाही. म्हणून ‘त्याला आमची पर्वा नव्हती’ हा अर्थ लावू नये. तसंच भांडण झालं होतं म्हणून मृत्यू झाला, असा कुणा एकावर ठपकाही ठेवू नये.

पहिल्या दोन दिवसांत शोकापेक्षा कागदपत्रंच अंगावर येतात. पोलिस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं. जबाब घेतात, मोबाइल किंवा चिठ्ठी ताब्यात घेतात. ही कायद्याने ठरलेली चौकशी आहे, त्यावरून घरच्यांवर संशय आहे असं समजू नये. धावपळीसाठी शांत डोक्याचा एकच नातेवाईक नेमा. त्याने नोंदीचा क्रमांक लिहून घ्यावा, चिठ्ठीची प्रत मागावी आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत झाल्याची खात्री करावी. विम्याच्या बाबतीत अनेक जण आत्महत्या म्हटल्यावर दावाच करत नाहीत. आयुर्विमा सुरू होऊन बारा महिने उलटले असतील, तर सहसा आत्महत्येमुळे रक्कम नाकारली जात नाही. पॉलिसीतलं ते कलम वाचून घ्या.

मुलांना काय सांगायचं, इथे सगळ्यात जास्त गफलत होते. ‘बाबा गावाला गेलेत’ म्हटलं की मूल वाट पाहतं आणि खरं शाळेत कुणाकडून तरी कळतं. मग मृत्यूचं दुःख आणि घरच्यांनी फसवल्याचं दुःख, दोन्ही एकदम येतात. सोपं आणि खरं सांगा: ‘बाबांच्या मनाला मोठा आजार झाला होता. त्या आजारात त्यांनी स्वतःचा जीव संपवला. तू काही केलंस किंवा बोललास म्हणून हे झालं नाही.’ कसं, याचे तपशील नकोत. शेवटचं वाक्य मात्र अनेकदा सांगावं लागतं, कारण लहान मुलं स्वतःलाच दोष देतात.

भेटायला जाणाऱ्यांनी ‘असं कसं केलं?’ विचारू नये. ‘काय बोलावं सुचत नाही, पण मी आहे,’ एवढं पुरतं. गेलेल्याचं नाव घ्या, त्याची एखादी चांगली आठवण सांगा. या घरांत ते नावच उच्चारलं जात नाही, आणि ती शांतता फार बोचते. तेराव्यापर्यंत गर्दी असते, खरी गरज तेराव्यानंतर लागते. महिनाभराने डबा घेऊन जा, बँकेत सोबत जा, वाढदिवसाची आणि वर्षश्राद्धाची तारीख लक्षात ठेवा.

आत्महत्येने माणूस गमावलेल्यांमध्ये स्वतःच्या आत्महत्येचा धोकाही वाढलेला असतो. घरात आधीपासून कुणाला नैराश्य किंवा बायपोलर आजार असेल तर अधिकच लक्ष द्यावं लागतं. शंका आली तर थेट विचारा: ‘तुला जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो, ही भीती संशोधनात खरी ठरलेली नाही. उत्तर ‘हो’ आलं तर वाद घालू नका, ‘आईचा विचार कर’ म्हणू नका. ऐका, एकटं सोडू नका, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. जीव लगेच धोक्यात असेल तर ११२ लावा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या.

संकटाची तीव्र लाट बहुधा काही मिनिटं किंवा तास टिकते. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसणं हा मोठा बचाव आहे. शेतकरी कुटुंबाने कीटकनाशक शक्यतो घरात ठेवू नये. लागेल तेवढंच आणावं, उरलं तर कुलपात ठेवावं आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. औषधाच्या गोळ्या आठवड्यापुरत्याच हाताशी ठेवा. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, त्याआधी ‘फरक नाही’ म्हणून बंद करणं ही नेहमीची चूक. बरं वाटल्यावर एकदम बंद करणं ही दुसरी. मानसोपचाराच्या वॉर्डातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे असतात, म्हणून सात दिवसांच्या आतली तपासणीची तारीख घेऊनच डिस्चार्ज घ्यावा.

मानसशास्त्रज्ञ बारबरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी सुरक्षा योजनेचा एक साधा कागद तयार केला. ज्याच्या मनात असे विचार येतात, तो माणूस बरा असताना हा कागद स्वतः, स्वतःच्या शब्दांत भरतो. पहिल्या ओळीत धोक्याची खूण: ‘दोन रात्री झोप नाही, फोन बंद ठेवतो.’ मग एकट्याने करायच्या गोष्टी: अंघोळ, गच्चीऐवजी रस्त्यावर चालणं. मग ज्यांच्यात मन रमेल अशी माणसं आणि ठिकाणं, मग मदत मागता येईल असे दोन नातेवाईक नंबरासहित, मग डॉक्टर आणि १४४१६, आणि शेवटी घर सुरक्षित करण्यासाठी काय कुणाकडे ठेवायचं. कागद पाकिटात राहतो आणि त्याचा फोटो भावाच्या किंवा मावशीच्या मोबाइलमध्ये. झोप उडालेल्या दुसऱ्या रात्री त्या माणसाने तो कागद उघडायचा आणि फोन करायचा.