एक्सपोर्टसाठी भारतीय दूतावासाची मदत कशी घ्यायची? पात्रता, कागदपत्रं, अर्ज

परदेशातल्या आपल्या दूतावासात पासपोर्ट-व्हिसाच्या खिडकीशिवाय कमर्शियल विंग पण असते, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं. आपला माल तिकडे खपावा आणि तिकडची गुंतवणूक इकडे यावी हेच तिचं काम. आयातदारांची यादी, तिथली आयात ड्युटी, तिथले नियम, येणारी प्रदर्शनं, हे सगळं तिथे विचारता येतं.

त्यासाठी मोठी कंपनीच लागते असं काही नाही, तासगावचा बेदाणावाला पण विचारू शकतो, पण आधी आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठीचा सरकारी कोड नंबर, काढा. डीजीएफटीच्या (केंद्राचं परकीय व्यापार महासंचालनालय) साइटवर ऑनलाइन होतं, फी 500 रुपये, पॅन, पत्त्याचा पुरावा आणि कॅन्सल चेक लागतो, आणि नंबर म्हणजे आता तुमचा पॅनच. दरवर्षी एप्रिल ते जूनमधे तो कन्फर्म करायचा, काही बदललं नसलं तरी, नाहीतर बंद पडतो आणि नेमकं माल निघायच्या वेळी कळतं! मग आरसीएमसी, म्हणजे निर्यातदार म्हणून नोंदणीचं सर्टिफिकेट, बेदाण्याला अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेकडून, हळद असेल तर स्पायसेस बोर्डाकडे रजिस्ट्रेशन. खायचा माल म्हणून एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेचं, लायसन्स आलंच.

आता अर्ज. डीजीएफटीचं ट्रेड कनेक्ट पोर्टल सप्टेंबर 2024 मधे सुरू झालंय, तिथे आयईसी जोडून लॉगिन करा आणि थेट त्या देशातल्या आपल्या अधिकाऱ्यांना प्रश्न टाका. नाहीतर दूतावासाच्या साइटवर कॉमर्स विभागाचा मेल आयडी असतो. दुबईत माल द्यायचा असेल तर दुबईतल्या कॉन्सुलेटला लिहा, दूतावास अबुधाबीला आहे.

बरेच जण मेलमधेच मार खातात. "आम्ही दर्जेदार माल बनवतो, कृपया बायर द्यावेत" याला तो अधिकारी बिचारा काय उत्तर देणार? सब्जेक्टमधेच माल आणि एचएस कोड, म्हणजे त्या मालाचा कस्टम्समधला ठरलेला नंबर, टाका (बेदाण्याचा 080620), खाली ग्रेड, पॅकिंग किती किलोचं, महिन्याला किती टन देऊ शकता, एफओबी भाव (माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च धरून), आयईसी नंबर, आणि नक्की काय पाहिजे ते एका ओळीत. ब्रोशर एकच पीडीएफ.

यादी मिळाली म्हणजे ऑर्डर मिळाली असं नाही, आणि बायर चांगला निघेल याची गॅरंटी दूतावास देत नाही. पैसे अडकले तर ते मधे पडून बोलू शकतात, वसूल करून देणं त्यांच्या हातात नाही, त्यासाठी ईसीजीसी या निर्यात विम्याच्या सरकारी कंपनीचा विमा माल पाठवायच्या आधीच काढायचा.