एएसीमधलं मोटर प्लॅनिंग

ज्यांना तोंडाने बोलता येत नाही किंवा पुरेसं बोलता येत नाही त्यांच्या बोलण्याच्या साधनांना एएसी (ऑगमेंटेटिव्ह अँड अल्टरनेटिव्ह कम्युनिकेशन) म्हणतात, चित्रांच्या साध्या चार्टपासून ते बटण दाबलं की बोलणाऱ्या टॅबलेटपर्यंत सगळं यात आलं. मोटर प्लॅनिंग म्हणजे हालचाल हाताला पाठ होणं, आणि त्यावर भर देणाऱ्यांचं म्हणणं एकच, शब्दाची जागा एकदा ठरली की ती हलवायची नाही. पेटी वाजवणारा पट्ट्या बघत बसत नाही ना, बोटं आपोआप पडतात, तसं 'पाहिजे' म्हणायला हात रोज त्याच ठिकाणी गेला की मग चित्र शोधा, ओळखा, दाबा ही कटकट उरत नाही.

याचं मूळ 1980च्या दशकातल्या भाषाशास्त्रज्ञ ब्रूस बेकर यांच्या मिनस्पीक या चित्रभाषेत सापडतं. त्यात एका चित्राला अनेक अर्थ असतात, दोन-तीन चित्रं ठराविक क्रमाने दाबली की एक शब्द तयार होतो, म्हणजे सफरचंदाच्या चित्रावरूनच 'खा' पण येतं आणि 'भूक' पण. त्यामुळे थोड्या बटणांत हजारो शब्द मावतात. याच पायावर अमेरिकेत जॉन आणि सिंडी हॅलोरन यांनी ऑटिझम असलेल्या मुलांसाठी लॅम्प (लँग्वेज अ‍ॅक्विझिशन थ्रू मोटर प्लॅनिंग, म्हणजे मोटर प्लॅनिंगमधून भाषा शिकणं) ही पद्धत उभी केली. त्यात नुसती जागा पक्की ठेवून भागत नाही, मूल शिकायच्या मनःस्थितीत हवं, समोरच्याचं लक्ष त्याच्याबरोबर हवं, बटण दाबताच आवाज यायला हवा आणि त्या शब्दाचा खरा परिणाम पण दिसायला हवा, 'थांब' म्हटलं की झोका थांबलाच पाहिजे.

सगळ्यात जास्त गडबड होते ती 'आधी सोपं देऊ' या नादात. आठ मोठी बटणं देतात, मुलाचा हात बसतो, मग ग्रिड, म्हणजे बटणांची चौकट, वाढवतात आणि सगळे शब्द इकडचे तिकडे, बसलेला हात परत शून्यावर. म्हणून पहिल्यापासून मोठंच ग्रिड ठेवून नको ती बटणं लपवायची, नंतर एकेक उघडायची. घरी एक अ‍ॅप आणि शाळेत दुसरं, हे पण तितकंच वाईट. शिवाय मोठ्यांनी स्वतः त्याच टॅबलेटवर बटणं दाबून बोलून दाखवायचं असतं, याचाच कंटाळा जास्त केला जातो.

पुरावा मात्र बेताचा आहे, अभ्यास बरेचसे छोटे. जागा पक्की असली की वेग वाढतो हे 2018च्या एका प्रयोगात दिसलं खरं, पण ती अपंगत्व नसलेली लहान मुलं होती. सेरेब्रल पाल्सीत (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा कमी राहणं) हाताची हालचाल दर वेळी सारखी होईलच असं नाही, तिथे हा हिशोब इतका सरळ नाही.

आपल्याकडे आयआयटी मुंबईचं जेलो अ‍ॅप मराठीत आहे, त्यात आवड-नावड, हो-नाही, जास्त-कमी ही बटणं कडेला कायम तिथेच असतात. पण मराठीत पूर्ण वाक्य बोलायचं तर जातो, जाते, जाणार, आईला, आईने यांना जागा कुठे द्यायची? प्रत्येक रूपाला बटण दिलं तर ग्रिड फुगतं, आणि प्रत्ययांची बटणं वेगळी ठेवली तर दर शब्दाला एक टच वाढतो. मला दुसरं बरं वाटतं, निदान 'ला' कुठे आहे ते तरी हाताला पाठ होईल.