कॅनडातील गृहनिर्माण सांख्यिकी

कॅनडातील घरांचा पुरवठा, घरभाडी आणि घराचा खर्च पेलण्याची कुटुंबांची कुवत यांविषयी सार्वजनिकरीत्या उपलब्ध असलेली आकडेवारी. ती मुख्यतः दोन संघीय संस्था जमवतात : स्टॅटिस्टिक्स कॅनडा ही राष्ट्रीय सांख्यिकी संस्था आणि कॅनडा मॉर्गेज अँड हाउसिंग कॉर्पोरेशन (यापुढे सीएमएचसी) हे गृहकर्जांचा विमा उतरवणारे सरकारी महामंडळ. भाडे किती वाढले, घरे किती कमी पडतात, या प्रश्नांना या देशात एकाच वर्षी तीन-चार वेगवेगळी उत्तरे मिळतात. मोजणीतील दोष हे त्याचे कारण क्वचितच असते. काय मोजायचे याच्या व्याख्याच निराळ्या असतात. म्हणून प्रस्तुत नोंदीत आकड्यांपेक्षा व्याख्यांना अधिक जागा दिली आहे.

पूर्वपीठिका : दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांच्या घरांची सोय लावण्यासाठी व राष्ट्रीय गृहनिर्माण कायदा राबवण्यासाठी १ जानेवारी १९४६ रोजी सेंट्रल मॉर्गेज अँड हाउसिंग कॉर्पोरेशनची स्थापना झाली, १९७९ मध्ये त्याच्या नावातील ‘सेंट्रल’च्या जागी ‘कॅनडा’ आले. बांधकामाच्या आकड्यांची सलग मालिका सर्वसाधारणपणे १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून मिळते. स्टॅटिस्टिक्स कॅनडाचे पूर्वरूप असलेला डोमिनियन ब्यूरो १९१८ चा. आजचे नाव १९७१ चे. या संस्थेची कोष्टके फेब्रुवारी २०१२ पासून सर्वांना विनामूल्य खुली झाली. त्याच सुमारास मात्र आकडेवारीत एक मोठे खिंडार पडले. सक्तीचा दीर्घ जनगणना-अर्ज (निवडक कुटुंबांना जाणारी तपशीलवार प्रश्नावली) रद्द करून २०११ साली ऐच्छिक पाहणी घेण्यात आली. या निर्णयावरून मुख्य सांख्यिकी अधिकारी मुनीर शेख यांनी जुलै २०१० मध्ये राजीनामा दिला होता. सक्तीचा अर्ज २०१६ मध्ये परत आला. तथापि उत्पन्न व घरखर्च यांविषयीचे २०११ चे आकडे, विशेषतः लहान गावांचे, आजही जपूनच वापरावे लागतात.

पुरवठा : घर उभे राहण्याच्या तीन टप्प्यांवर नोंद होते. बांधकाम परवान्यांची मासिक आकडेवारी स्टॅटिस्टिक्स कॅनडा नगरपालिकांकडून घेते. काम सुरू झाल्याची व पूर्ण झाल्याची नोंद सीएमएचसी ठेवते. ‘सुरुवात’ म्हणजे भूमिपूजन किंवा खोदाई नव्हे. इमारतीच्या संपूर्ण फुटिंगचे (पायाच्या तळाचे) काँक्रीट ओतून झाले, किंवा तळघर नसलेल्या बांधकामात त्या तोडीचा टप्पा गाठला, की घर सुरू झाले असे धरतात. घर ‘पूर्ण’ होण्यासाठी सगळे काम संपलेच पाहिजे असे नाही. नव्वद टक्के काम होऊन फक्त हवामानावर अवलंबून असलेली किरकोळ कामे उरली असतील तरी ते पूर्ण मानतात. हिवाळ्यात जिथे अंगणातली फरसबंदीही करता येत नाही, तिथे ही सवलत आवश्यकच आहे.

वृत्तपत्रांत येणारा मासिक आकडा बहुधा ‘हंगामी समायोजित वार्षिक दर’ असतो : ऋतुमानानुसार होणारे चढउतार वगळून त्या महिन्याची गती वर्षभर टिकली तर किती घरे सुरू होतील, याचे गणित. तो महिन्याचा प्रत्यक्ष आकडा समजून वाचणे ही सर्रास होणारी चूक आहे. शिवाय टॉवरमधील सगळी घरे एकाच महिन्यात नोंदली जात असल्याने टोराँटो, व्हँकूव्हर यांचे आकडे उड्या मारतात. म्हणून सीएमएचसी सहा महिन्यांचा कलही देते. प्रत्यक्ष सुरुवातींचा दीर्घकाळचा उच्चांक १९७६ चा, २,७३,२०३ घरांचा. २०२१ मध्ये २,७१,१९८, २०२२ मध्ये २,६१,८४९, २०२३ मध्ये २,४०,२६७ आणि २०२४ मध्ये २,४५,१२० घरे सुरू झाली. १९७६ साली देशाची लोकसंख्या सुमारे २.३ कोटी होती व २०२१ मध्ये ती ३.७ कोटींच्या घरात गेली होती, हे लक्षात घेतल्यावरच या आकड्यांची तुलना अर्थपूर्ण ठरते. पाडलेली घरे या मालिकेतून वजा होत नाहीत.

घरांचा एकूण साठा जनगणनेतून कळतो. २०२१ मध्ये १,६२,८४,२३५ खासगी निवासस्थाने मोजली गेली. त्यांपैकी १,४९,७८,९४१ मध्ये नेहमीचे रहिवासी होते. या दोहोंतील सुमारे १३ लाखांचा फरक ‘रिकामी पडून असलेली घरे’ म्हणून वारंवार उद्धृत होतो. ते बरोबर नाही. त्यात सरोवराकाठच्या सुटीच्या कॉटेज आहेत आणि आपला कायमचा पत्ता आईवडिलांकडचा सांगणाऱ्या विद्यार्थ्यांची भाड्याची घरेही आहेत.

भाडे : सीएमएचसीची भाडे-बाजार पाहणी दर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, दहा हजार व त्याहून अधिक लोकसंख्येच्या नागरी भागांत होते. भाड्याची किमान तीन घरे असलेल्या व निदान तीन महिने बाजारात असलेल्या खासगी इमारतीच तिच्या कक्षेत येतात. मालकांनी भाड्याने दिलेल्या काँडोंची (इमारतीतील स्वतंत्र मालकीच्या सदनिकांची) निवडक शहरांत वेगळी पाहणी होते. पण घराच्या तळमजल्याखालचे ‘बेसमेंट’ मुख्य पाहणीत येत नाही. ब्रॅम्प्टनसारख्या शहरांत भारतातून गेलेले विद्यार्थी आणि नवखी कुटुंबे पहिला निवारा नेमका तिथेच शोधतात. बाजाराचा हा मोठा भाग मुख्य आकड्यांच्या बाहेर राहतो, ही या पाहणीची सर्वांत गंभीर उणीव होय.

घर ‘रिकामे’ केव्हा? प्रत्यक्ष कोणी राहत नसेल आणि ते ताबडतोब भाड्याने मिळण्याजोगे असेल तेव्हाच. दुरुस्तीसाठी रिकामे करून घेतलेले घर त्यात धरत नाहीत. या व्याख्येनुसार रिक्ततेचे राष्ट्रीय प्रमाण २०२३ मध्ये १.५ टक्के, म्हणजे १९८८ पासूनच्या मालिकेतील नीचांकी होते. २०२४ मध्ये ते २.२ टक्के झाले.

भाडेवाढीचा आकडा मात्र उलगडून पाहावा लागतो. २०२२ मध्ये दोन बेडरूमच्या घरांचे भाडे ५.६ टक्क्यांनी वाढल्याचे पाहणीत आढळले. भाडेकरू न बदललेल्या घरांत वाढ २.८ टक्के होती; भाडेकरू बदललेल्या घरांत ती १८.२ टक्के होती. ओंटारिओ प्रांतात चालू भाडेकरूची भाडेवाढ सरकारी मर्यादेत राहते, घर रिकामे झाले की मालक नवे भाडे हवे तेवढे ठरवू शकतो, आणि १५ नोव्हेंबर २०१८ नंतर प्रथम वापरात आलेल्या घरांना ही मर्यादाच लागू नाही. आल्बर्टा प्रांतात भाडेनियंत्रण नाही. अशा देशात ‘सरासरी भाडे’ हा आकडा जुन्या भाडेकरूचे स्थैर्य आणि नव्या भाडेकरूची ओढाताण एकत्र मिसळून टाकतो.

जाहिरातींत मागितलेल्या भाड्यांवर आधारलेले रेंटल्स डॉट सीए या संकेतस्थळाचे मासिक अहवाल दुसरे टोक दाखवतात. २०२४ च्या मध्यास त्यांची राष्ट्रीय सरासरी २,२०० कॅनेडियन डॉलरांच्या आसपास होती. त्याच वर्षीच्या सीएमएचसी पाहणीत दोन बेडरूमच्या घराचे सरासरी भाडे १,४४७ डॉलर होते. घरांचे प्रकारही वेगळे असल्याने ही तुलना सरळ नाही. आता घर शोधणाऱ्याला पहिला आकडा जवळचा, सगळ्या भाडेकरूंच्या स्थितीसाठी दुसरा. स्टॅटिस्टिक्स कॅनडानेही २०२५ पासून मागितलेल्या भाड्यांची तिमाही मालिका सुरू केली आहे.

परवडण्याचा निकष : उत्पन्नाच्या ३० टक्के वा अधिक रक्कम निवाऱ्यावर खर्च होत असेल तर घर परवडत नाही, असे कॅनडात अधिकृतपणे मानतात. उत्पन्न करपूर्व धरतात. मालकांच्या बाबतीत कर्जाचा हप्ता, मालमत्ता-कर, काँडोचे शुल्क आणि वीज-पाणी-इंधन हे सारे खर्चात येते. ३० हा आकडा आला कुठून, याबद्दल मतभेद आहेत. जर्मन सांख्यिकीतज्ज्ञ एर्न्स्ट एंगेल यांच्या १८५७ च्या कुटुंबखर्चाच्या अभ्यासापर्यंत काही जण त्याचा माग नेतात. परंतु एंगेल यांचे प्रतिपादन मुळात अन्नखर्चाविषयी होते. घरखर्चाचा वाटा सर्व उत्पन्नगटांत सारखाच राहतो हे विधान अमेरिकेतील कॅरोल राइट यांच्या १८७५ च्या मांडणीतून त्यांच्या नावावर चढले असावे. बर्लिनच्या हेर्मान श्वाबे यांनी १८६८ मध्ये तर उत्पन्न वाढते तसा भाड्याचा वाटा घटतो असे दाखवले होते. दुसरा पक्ष ‘महिन्याच्या भाड्याला आठवड्याची मजुरी’ या एकोणिसाव्या शतकातील लोकरूढीकडे बोट दाखवतो. तिसरा प्रशासकीय उगम मानतो : अमेरिकेत सार्वजनिक गृहसंकुलांतील भाड्याची कमाल मर्यादा १९६९ मध्ये २५ टक्के ठरली व १९८१ मध्ये ३० टक्क्यांवर नेण्यात आली, कॅनडातही युद्धोत्तर काळातील सुमारे एक पंचमांशाचा दंडक आधी २५ आणि १९८० च्या दशकात ३० टक्क्यांवर गेला. टोराँटोचे अभ्यासक डेव्हिड हुल्चान्स्की यांनी १९९५ मध्ये या गुणोत्तराचे सहा निरनिराळे उपयोग वेगळे केले. खर्चाचे वर्णन करण्यास ते चालते, गरज ठरवण्यास चालत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. उपलब्ध पुराव्यांवरून प्रशासकीय उगमाचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो.

हुल्चान्स्की यांच्या या आक्षेपाला अंशतः उत्तर म्हणून ‘मूलभूत गृहगरज’ हा निर्देशांक वापरतात. घर मोठ्या दुरुस्तीला आलेले, माणसांच्या मानाने अपुरे किंवा न परवडणारे असावे, आणि त्याच भागातील सुस्थितीतल्या, पुरेशा घराचे मध्यक (चढत्या क्रमात मधोमध येणारे) भाडेही कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ३० टक्क्यांत बसू नये. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच कुटुंब या गरजेत मोडते. समजा, महिना ४,००० डॉलर उत्पन्नाचे कुटुंब १,५०० डॉलर भाडे देते. हा खर्च ३७.५ टक्के. पण त्यांना पुरेशा घराचे तिथले मध्यक भाडे १,१०० असेल, तर ते कुटुंब गरजेत धरले जात नाही, मग तसे एकही घर त्या महिन्यात रिकामे नसले तरी. खोल्या पुरेशा आहेत का हे ‘राष्ट्रीय निवास मानका’वरून ठरते : एका बेडरूममध्ये जास्तीत जास्त दोघे, अठरा वर्षांवरील एकट्या व्यक्तीला स्वतंत्र खोली, भिन्नलिंगी भावंडांना पाच वर्षांपर्यंतच एक खोली. आजी आणि नात आनंदाने एका खोलीत राहत असली तरी या मानकानुसार ते घर अपुरे ठरू शकते. दक्षिण आशियाई कुटुंबांचे आकडे वाचताना हे ध्यानात ठेवणे इष्ट.

मूलभूत गृहगरजेचे प्रमाण २०१६ मध्ये १२.७ टक्के होते. २०२१ मध्ये ते १०.१ टक्के, म्हणजे सुमारे साडेचौदा लाख कुटुंबे, असे निघाले. ही घट स्वस्ताईची निदर्शक नाही. २०२१ च्या जनगणनेत २०२० चे उत्पन्न मोजले गेले आणि त्या वर्षी कोविड-साहाय्याची रक्कम अल्प उत्पन्नगटांच्या हाती आली होती. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील हार्ट प्रकल्प ही गरज स्थानिक मध्यक उत्पन्नाच्या २०, ५०, ८० व १२० टक्के अशा पायऱ्यांवर मांडतो. नगरपालिकांना ती मांडणी अधिक उपयोगी पडते.

तुटवड्याचे अंदाज : सीएमएचसीने २०२२ मध्ये, २००३-०४ सालची परवडण्याची पातळी परत आणायची तर २०३० पर्यंत नेहमीच्या बांधकामाखेरीज ३५ लाख घरे लागतील, असा अंदाज दिला. संसदीय अर्थसंकल्प अधिकाऱ्याने २०२४ मध्ये हाच अधिकचा आकडा १३ लाख काढला. त्याची कसोटी रिक्ततेची दीर्घकालीन सरासरी गाठण्याची होती, किंमती उतरवण्याची नव्हे. २०२५ मध्ये सीएमएचसीने २०१९ ची पातळी हे लक्ष्य धरून २०३५ पर्यंत दरवर्षी ४.३ ते ४.८ लाख घरे लागतील असे म्हटले. लक्ष्य व लक्ष्यवर्ष न सांगता यांतील कोणताही आकडा उद्धृत करू नये.

किंमत व मालकी : बाजारभावांसाठी घरदलालांच्या राष्ट्रीय संघटनेचा एमएलएस निर्देशांक, पुनर्विक्रीवर आधारलेला टेरानेट–नॅशनल बँक निर्देशांक व नव्या घरांपुरता स्टॅटिस्टिक्स कॅनडाचा निर्देशांक वापरतात. ब्रिटिश कोलंबियाने परदेशी खरेदीदारांवर १५ टक्के कर ऑगस्ट २०१६ मध्ये लावला. अनिवासी मालकीचे स्टॅटिस्टिक्स कॅनडाचे पहिले आकडे आले ते डिसेंबर २०१७ मध्ये : व्हँकूव्हर महानगरात ४.८ टक्के, टोराँटोत ३.४ टक्के. धोरण आधी आणि सविस्तर मोजणी नंतर, असा हा क्रम होता.

मूळ रहिवाशांच्या राखीव वसाहतींतील घरे मूलभूत गृहगरजेच्या गणनेत धरत नाहीत. बेघरांची माहिती बऱ्याच अंशी ठरावीक काळाने होणाऱ्या एका रात्रीच्या शिरगणतीवर अवलंबून आहे.