पासवर्ड आहे म्हणून फायली सुरक्षित?

‘विंडोजला पासवर्ड टाकलाय, आता लॅपटॉप चोरीला गेला तरी फायली कुणाला दिसणार नाहीत,’ असं बरेच जण धरून चालतात. समज स्वाभाविक आहे. पासवर्डशिवाय विंडोज आपल्याला आत घेतच नाही.

पण ही अडवणूक विंडोज करतं, आणि तेही चालू असतानाच. कोणती फाइल कुणी उघडायची, याच्या परवानग्यांचंही तेच. डिस्कवरचा मजकूर मात्र एन्क्रिप्ट केलेला (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा बदललेला) नसेल, तर जसाच्या तसा पडलेला असतो. पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) सुरू केलं की त्या परवानग्या विचारतो कोण!

स्वतःच बघा. उबुंटूचा (हा लिनक्सचाच एक प्रकार) पेनड्राइव्ह लावा, इन्स्टॉल न करता ‘ट्राय’ निवडा (हे महत्त्वाचं!) आणि फाइल मॅनेजरमधून विंडोजची डिस्क उघडा. ‘युजर्स’मध्ये तुमचे फोटो सरळ दिसले, तर डिस्क उघडी आहे. किल्ली मागितली, तर एन्क्रिप्शन चालू आहे. एवढा खटाटोप नको असेल, तर विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ शोधा. मॅकवर ‘फाइलव्हॉल्ट’.

बिटलॉकर चालू करताना मिळणारी ४८ अंकी रिकव्हरी की (अडल्यावर डिस्क उघडणारी किल्ली) त्याच लॅपटॉपवर ठेवू नका.